१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मूळ आहे का? तिच्यात विशेष असं काय आहे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की जावास्क्रिप्टमधल्या तुमच्या छोट्या प्रोग्रॅमने या संख्येला २ ने भाग जातो असं सांगितलं, आणि एक्सेलमध्ये टाकली तर शेवटचे दोन अंक शून्य झाले. आधी तेच निस्तरू, कारण पुढचं सगळं अंकाला अंक लावून बघायचंय.

संख्या मूळ नाही, पण समही नाही. शेवटी १ असलेली संख्या सम कशी असेल? जावास्क्रिप्टमधली साधी संख्या २ च्या ५३व्या घातापर्यंतचेच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे, सगळे पूर्णांक नेमके धरून ठेवते. त्याच्या वर गेलात की एकाआड एक पूर्णांक गळतात आणि फक्त सम उरतात. तुमची संख्या त्या हद्दीच्या बाहेर आहे, त्यामुळे तिथे ती मुकाट्याने १२३४५६७८९८७६५४३२० होऊन बसते. चूक झाली असा संदेश येत नाही, काही नाही. एक्सेल तर पंधरा अंकांनंतर हातच टेकतं, म्हणून शेवटचे २१ जाऊन ०० आले. जावास्क्रिप्टमधला बिगइन्ट (कितीही मोठे पूर्णांक नेमके धरणारा प्रकार) वापरा किंवा सरळ पायथनमध्ये करा. नाहीतर कागदावर करा. या संख्येपुरतं कागदावरच जास्त मजा येते.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. नऊ एक्के गुणिले नऊ एक्के. शाळेत मांडायचो तसा गुणाकार मांडला की प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक एक्का, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या रकान्यात नऊ, आणि मग पुन्हा आठ, सात, सहा. कुठेही हातचा येत नाही, म्हणून रकान्यांच्या बेरजा जशाच्या तशा अंक म्हणून उतरतात.

दहा एक्के घेऊन बघा. मधल्या रकान्यात १० येतात, शून्य लिहून हातचा १. पुढच्या रकान्यातले ९ त्या हातच्यासकट १० होतात, पुन्हा शून्य, हातचा १. त्याच्या पुढचे ८ झाले ९, आणि तिथे हातचा संपला. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे ७ नंतर एकदम ९. सममिती गेली. म्हणजे दशमान पद्धतीत हा डोंगर जास्तीत जास्त नऊपर्यंतच चढतो, आणि तुमची संख्या हे त्याचं शेवटचं शिखर.

माझं मत असं की सरळ-उलट सारखं वाचता येणं हा या संख्येतला सगळ्यात कमी रंजक भाग आहे. व्हॉट्सअॅपवर फिरतो तोच भाग, पण तिचा खरा स्वभाव अवयव पाडल्यावर कळतो. मग पाडू.

नऊ एक्के तीन-तीनच्या गटात बघा: १११ १११ १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. पैकी १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. तेव्हा १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, आणि तुमची संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. (१११ × १००१००१ ही फोड दहा या पायावर अवलंबून नाही. सोळाच्या पायात नऊ एक्के लिहिले तरी ते असेच दोन भागांत फुटतात, कारण नऊ हा आकडाच तीन गुणिले तीन आहे. नुसत्या एक्क्यांनी लिहिलेली संख्या मूळ हवी असेल तर आधी एक्के किती हेच मूळ असावं लागतं, आणि तेवढंही पुरत नाही: २ आणि १९ एक्क्यांची संख्या मूळ आहे, पण ३ एक्क्यांची नाही.)

आता ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? नेहमीच्या पद्धतीने ५७७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागेल, आणि तशा १०६ आहेत. पण इथे एक आडवाट आहे. समजा मूळ संख्या प ने ३३३६६७ ला भाग जातो. प म्हणजे ३ नाही, कारण अंकांची बेरीज २८. प ने १००१००१ ला भाग जातो, म्हणजे नऊ नव्व्यांनाही (९९९९९९९९९ लाही) जातो, म्हणजेच १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यावर बाकी १. तिसऱ्या घातालाच बाकी १ आली असती का? नाही, कारण मग १००० च्या जागी १ धरून १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३ आली असती, शून्य नाही. तेव्हा बाकी १ पहिल्यांदा येते ती बरोबर नवव्या घातालाच. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार १० च्या (प − १)व्या घातालाही बाकी १ येते, म्हणून प − १ ला ९ ने भाग जायला हवा. प विषम, तेव्हा १८ ने. म्हणजे १८ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. १०६ वरून थेट १७ वर आलो. १९ ने बाकी ८, ३७ ने बाकी १, १६३ ने बाकी ६, ५७७ ने बाकी १६१. मधल्या तुम्ही करा, एकीनेही भाग जात नाही. चहा निवेपर्यंत होतं.

यातूनच ३३३६६७ चं एक वेगळेपण कळतं. एक भागिले ३३३६६७ दशांशात लिहिलं तर नऊ अंकांची आवर्तनं येतात, आणि बरोबर नऊ अंकांचं आवर्तन देणारी ही एकमेव मूळ संख्या आहे. बाकी कुणाच्या वाट्याला तो आकडा आलेला नाही. तसंच बरोबर तीन अंकांचं आवर्तन देणारी एकमेव मूळ संख्या म्हणजे ३७. तुमच्या संख्येत या दोघी एकत्र नांदतात.

३७ ची कसोटी तोंडी करता येते. ९९९ = २७ × ३७, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि बेरीज करायची: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. पुन्हा २ + ९९७ = ९९९. भाग जातो. आणि २९९७ म्हणजे ३७ × ८१, यातला ८१ लक्षात ठेवा, तो पुन्हापुन्हा येणार आहे.

विभाजक किती, तर घातांक ४, २, २, म्हणून ५ × ३ × ३ = ४५. यापुढे जाऊन एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तीन मूळ अवयवांपैकी ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारा एकटा ३७. बाकीच्या दोघांची बाकी ३. दोन वर्गांच्या बेरजेचा जुना सिद्धांत सांगतो की अशा वेळी १११११११११ हा कर्ण असलेला, पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण एकच असणार, आणि तो ३७ कडूनच येणार. ३७ चा त्रिकोण माहीत आहे: १२, ३५, ३७. त्याला ३००३००३ ने गुणा. बाजू येतात ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५, कर्ण १११११११११. म्हणजे

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग

आणि शून्य न वापरता दुसऱ्या कुठल्याही दोन वर्गांत तिची अशी फोड होत नाही. मला हे उलटसुलट वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

पण सगळ्यात सुंदर गोष्ट व्यस्तात आहे. १ ला या संख्येने भागलं तर काय येतं?

अंकांची बेरीज ८१. संख्येला ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो, कारण १११११११११ × ९ म्हणजे नऊ नव्वे. तेव्हा १ भागिले आपली संख्या = ८१ भागिले ९९९९९९९९९ चा वर्ग. आणि १ भागिले नऊ नव्व्यांचा वर्ग हा अपूर्णांक नऊ-नऊ अंकांच्या डब्यांत ०, १, २, ३, ४ असा मोजत जातो. त्याला ८१ ने गुणलं की दशांश चिन्हानंतर हे दिसतं:

०००००००००, ०००००००८१, ००००००१६२, ००००००२४३, ००००००३२४... प्रत्येक डब्यात नऊ अंक असतात, पण ते सगळे लिहीत बसण्यापेक्षा शून्यं मनात धरा आणि फक्त आकडे वाचा: ०, ८१, १६२, २४३, ३२४, ४०५. ८१ चा पाढा! संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेचा पाढा म्हणत सुटते, आणि नऊ अंकांचा डबा भरेपर्यंत म्हणत राहते.

डबा कधी भरतो? ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९. त्याच्या पुढचा गुणाकार १०००००००८०, म्हणजे दहा अंकी होतो, डब्यात मावत नाही, आणि त्याचा हातचा मागच्या डब्यात जातो. मागचा डबा नऊ नव्व्यांचा, तो भरून शून्य होतो आणि हातचा आणखी एक घर मागे ढकलतो. तिथे ९९९९९९९१८ होते, ते ९९९९९९९१९ होतात. मग पुन्हा ०, ८१, १६२. एका फेऱ्यात १२३४५६७९ डबे, प्रत्येकी नऊ अंक. गुणाकार करा: १११११११११.

म्हणजे १ भागिले १११११११११ चा वर्ग, याच्या दशांश रूपाचं आवर्तन बरोबर १११११११११ अंकांचं आहे. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

योगायोग वाटत असेल तर सिद्धता दोन ओळींची आहे. १११११११११ ला म म्हणा. १० चा नववा घात = १ + ९म. हे क वेळा गुणलं तर म च्या वर्गाने भागल्यावर १ + ९कम एवढंच उरतं, बाकीच्या पदांत म चा वर्ग असतोच. बाकी १ हवी, तर ९क ला म ने भाग जायला हवा, म्हणजे क ला १२३४५६७९ ने. आवर्तनाची लांबी ९ च्या पटीतच असते, कारण म ने भागताना बाकी १ येते तीच मुळी दर नवव्या घाताला. तेव्हा सगळ्यात लहान लांबी ९ × १२३४५६७९ = म. झालं. याचंच धाकटं रूप तुम्ही पाहिलं असेल: १ भागिले ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... तिथेही ८ गायब असतो, आणि कारण तेच, शेवटी मागे आलेला हातचा.

आता माणसांकडे येतो. वर ज्याला मी डोंगर म्हटलं, तशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात, आणि ते नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात, मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. डेम्लो हे तेव्हाच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं एक स्टेशन, तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली असं सांगतात, आणि ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली असंही सांगतात. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की बहुतेक वेळा शेवटी ६१७४ येतात, या शोधामुळे त्यांचं नाव जगभर झालं, तेही बरंचसं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात लिहिल्यानंतर. त्याआधी आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी हा सगळा अंकांचा पोरखेळ मानला. त्या मंडळींचं म्हणणं मला अर्धंच पटतं. अंकांची बेरीज ही संख्येची नव्हे तर ती लिहिण्याच्या पद्धतीची गोष्ट आहे, हे खरंच. पण वरचं आवर्तन बघा: सुरुवात लिहिण्याच्या पद्धतीतून झाली आणि पोचलो फर्माच्या प्रमेयाशी.

ही डोंगरासारखी मांडणी कापरेकरांच्याही फार आधीची आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, साधारण इ. स. ८५० च्या सुमारास, गणितज्ञ महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह या ग्रंथात १२३४५६५४३२१ या संख्येचं वर्णन एकापासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा क्रमाने उतरणारी असं केलंय. ती २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारातून येते. दोन्ही वर्गच आहेत, ५२९१ चा आणि २१ चा, आणि ५२९१ × २१ म्हणजे सहा एक्के.

कापरेकरांनी शोधलेले आणखी तीन प्रकार तुमच्या संख्येला लावून बघू. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद संख्या. इथे बेरीज ८१, आणि ३ चा चौथा घात म्हणजेच ८१ हा अवयव आहेच. तेव्हा हर्षद. दुसरा प्रकार कापरेकर संख्या: वर्ग करायचा, दोन तुकडे करायचे, बेरजेत मूळची संख्या परत यायला हवी. जसं ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आपली संख्या गुणिले ८१ म्हणजे नऊ नव्व्यांचा वर्ग, ९९९९९९९९८००००००००१. डावा तुकडा ९९९९९९९९८, उजवा १, बेरीज ९९९९९९९९९. म्हणजे ती ८१ ने गुणल्यावर एका कापरेकर संख्येचा वर्ग बनते.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, देवळाली संख्या, म्हणजेच स्वयंभू संख्या. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतली तर २१ + ३ = २४, म्हणून २१ ही २४ ची जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू, जसं २०.

तुमची संख्या स्वयंभू आहे का? सतरा अंकांसाठी बेरीज फार तर १५३, म्हणजे जनक असलाच तर जवळच असणार, आणि त्याचे पहिले चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ हेच असणार. त्यांची बेरीज ७५. शेवटचे तीन अंक मिळून र ही संख्या होते असं धरा. मग र + र च्या अंकांची बेरीज = ३२१ − ७५ = २४६. २४० + ६ = २४६. दुसरं उत्तर बसत नाही. म्हणजे जनक आहे, एकच आहे: १२३४५६७८९८७६५४२४०. अंकांची बेरीज ८१, मिळवली की तुमची संख्या. स्वयंभू नाही.

आता या जनकाचा जनक शोधू. तीच रीत: र + र च्या अंकांची बेरीज = २४० − ७५ = १६५. र दोन अंकी असेल तर ही बेरीज फार तर ९९ + १८ = ११७. म्हणून र तीन अंकी आणि १ ने सुरू होणारी. दशकाचा अंक द, एककाचा ए धरला तर १०१ + ११द + २ए = १६५, म्हणजे ११द + २ए = ६४. द सम हवा. ० धरला तर ए ३२, २ धरला तर २१, ४ धरला तर १०, ६ धरला तर उणे. ए हा एकच अंक असायला हवा, एकही बसत नाही. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ही अस्सल देवळाली संख्या आहे, आणि तिच्यापासून निघालं की पहिल्याच पावलाला तुमची संख्या लागते. पुढचं पाऊल पुन्हा ८१ चंच, १२३४५६७८९८७६५४४०२, आणि त्याच्याही अंकांची बेरीज ८१. त्यानंतर १२३४५६७८९८७६५४४८३, तिथे बेरीज ९० होते आणि ८१ ची साखळी तुटते.